रुक्मी जिंकली

॥ श्री ॥

जोगेश्वरी (पूर्व),
६ जानेवारी २०२५

ती. रुक्मिणीताईस,
बाळाचा शि. सा. न. वि. वि.

घरात रंगकाम काढलंय. सगळं सामान एका खोलीत आणि आम्ही त्या सामानात. माळा रिकामा करताना अक्षताने एक खोका खाली दिला आणि विचारलं, बाबा, हे भंगारात देऊ का? उघडून बघतो तर काय, आपला कॉम्प्युटर! तोच गं, काळा, वहीएवढा, खोडरबरासारख्या मऊ बटणांचा. आमच्या सूनबाईंना तो जुना कॅल्क्युलेटर वाटला. मी म्हटलं, बाई, याला टीव्ही जोडला की तुझ्या आत्येसासूबाई काय चीज आहेत ते कळतं.

तुला आठवतं ना? सत्त्याऐंशी साल. अंधेरीचे ते बोटीवरचे साहेब, मुलगा कंटाळला म्हणून त्यांनी हे मशीन विकायला काढलं होतं. तू तेव्हा इथेच पुढच्या गल्लीत राहायचीस. दुपारी पोरं शाळेत गेली की यायचीस आणि मासिकात छापलेला प्रोग्राम एकेक ओळ वाचून दाखवायचीस, मी टाईप करायचो. कंसाला तू चंद्रकोर म्हणायचीस. चंद्रकोर उघडली, दहा, स्वल्पविराम, वीस, चंद्रकोर मिटली. निम्म्यावर आलो आणि मेमरी संपली. मग मी लॅमिंग्टन रोडवरून चिप्स आणून स्वतः सोल्डर केल्या, सोळा के.ची मेमरी अठ्ठेचाळीस केली, तेव्हा कुठे आपला शिडीवाल्याचा खेळ शेवटपर्यंत टाईप झाला. कोरी कॅसेट घरात नव्हती म्हणून तो भजनाच्या कॅसेटवर उतरवला आणि आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

ती कॅसेटही खोक्यात आहे! एवढासा माणूस, तीन मजले, सरकती फळी आणि वर घंटा. पाळीपाळीने खेळायचं, आधी घंटा वाजवेल तो जिंकला. शेवटी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'रुक्मी जिंकली' यावं म्हणून मी प्रोग्राममध्ये ओळ घातली होती आणि दर वेळी तीच यायची. तिसऱ्या मजल्यावर तू फळी दोनदा जाऊ द्यायचीस आणि तिसऱ्यांदा आली की डोळे झाकून उडी. मी आपला पहिल्याच फेरीला घाई करून खड्ड्यात.

आता मुद्द्याचं. तुझ्या लेकाचा, विशालचा फोन आला होता. त्याने आणलेलं तुझ्या कानाचं मशीन म्हणे बटणांच्या डब्यात पडून आहे. भजनाला जात नाहीस, हळदीकुंकवाला जात नाहीस, खाली बाकावर बसायलाही उतरत नाहीस. ताई, हे बरं नाही. मला बघ, सत्तरी आली तरी कान टकाटक. हॉलमधल्या कुठल्या कोपऱ्यातला स्पीकर फाटलाय ते मी जिना चढतानाच सांगतो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायचो मी, या दोन कानांवर धुरी साऊंड उभं केलं. तेव्हा कानाची किंमत मला विचार.

मशीन लाव. लोभ आहेच, त्यात भर घाल, आणि रागावलीस तर तेही कागदावर कळव.

तुझा,
बाळा

⁂

मुलुंड (पूर्व),
१३ जानेवारी २०२५

चि. बाळास,
रुक्मिणीचे अ. उ. आ.

उद्या संक्रांत. तिळगूळ पाकिटात घातला तर पोस्टात त्याचा चुरा होतो, तेव्हा शब्दांवर भागव. फोनवर मला हल्ली कुणाचं काही कळत नाही, म्हणून तू पत्र लिहितोस ते बरं करतोस. कागद ओरडत नाही, आणि दोनदा विचारलं म्हणून वैतागतही नाही. अण्णा मिलमधून आल्यावर गावी आजीला पत्र लिहायला बसवायचे तेव्हा हाच बाळा पोटात दुखतंय म्हणून आडवा व्हायचा. सुधारलास म्हणायचं.

कॉम्प्युटरचं वाचून एकटीच हसले. विशालने विचारलं काय झालं, मी म्हटलं चंद्रकोर मिटली. तो बायकोकडे बघायला लागला. त्याला वाटलं असेल, कान गेले, आता डोकंही निघालं.

मेल्या, मशीन मी लावून बघितलं नाही असं समजू नकोस. ताट ओट्यावर ठेवलं तरी डोक्यात घण. पण खरं कारण ते नाही, तुला म्हणून सांगते. शेजारच्या श्रेयसच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा आमच्या मजल्यावर नेहमी मीच म्हणते. डोळे मिटून सुरू केला, चांगली तीन कडवी म्हटली. डोळे उघडले तर समोर दुसरी बाई आधीपासून पाळणा म्हणत होती. वेगळाच पाळणा, वेगळीच चाल. पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या आणि मोठ्या बाया माझ्याकडे बघून कौतुकाने माना हलवत होत्या. कुणीतरी माझा हात धरून थांबवायचं ना रे! त्या दिवसापासून मी जिना उतरले नाही. आता मशीन लावून खाली गेले तर त्या म्हणतील, बघा, शेवटी आली वळणावर.

तरी तुझं मन मोडत नाही. पैज लाव. शिडीवाला चालू कर. तीच कॅसेट, तेच मशीन, तू आणि मी, एकच डाव. हरले तर ते मशीन कानात घालीन आणि आंघोळीशिवाय काढणार नाही. जिंकले तर तू आणि विशालने हा विषय पुन्हा कधी काढायचा नाही. पाडव्यापर्यंत मुदत. माझे डोळे शाबूत आहेत, अख्ख्या बिल्डिंगच्या साड्यांना फॉल अजून मीच लावते. तेव्हा विचार करून हो म्हण.

प्रीतमला आणि अक्षताला आशीर्वाद. माया आहे तशीच आहे, तुझ्या आगाऊपणाने कमी होत नाही.

तुझी,
ताई

⁂

जोगेश्वरी (पूर्व),
४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
बाळाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बारशाचं वाचलं आणि पत्र खाली ठेवून दिलं. पुन्हा उचलायला वेळ लागला. त्या बायांना अक्कल नव्हती, दुसरं काय. पैज मंजूर.

कामाला लागलो. बटणांखालची प्लॅस्टिकची पट्टी वाळक्या पापडासारखी हातात तुटून आली. तेव्हा प्रीतमने मला जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे घाटकोपरचा प्रबुद्ध म्हणून एक भेटला, बँकेत आहे, पन्नाशीचा. याच्या बेडरूममध्ये असली मशीनं एवढी आहेत की बायको हॉलमध्ये झोपते, असं तोच हसत सांगतो. त्याने नवी पट्टी मिळवून दिली, फुगलेले कपॅसिटर बदलले आणि आतून एक वायर काढून चित्र आपल्या सपाट टीव्हीवर आणलं. मी त्याला दोन अधिक दोन विचारले. कॉम्प्युटरला गं, प्रबुद्धला नाही. चार म्हणाला. इतकी वर्षं माळ्यावर पडून हिशेब विसरला नाही, आमच्या प्रीतमपेक्षा बरा.

अडलंय ते टेपशी. आपला जुना रेकॉर्डर मेला. तसलाच दुसरा बाजारातून आणला. पण एका रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर लावली की टेप वाचणाऱ्या हेडचा कोन केसभर इकडेतिकडे असतो आणि आवाज बोथट येतो. हेडजवळ बारीक स्क्रू असतो, तो फिरवत ऐकायचं, आणि प्रोग्राम म्हणून टेपवर जी शिटी वाजते तिला सुरीसारखी धार आली की सोडून द्यायचा. हे तर माझ्या डाव्या हातचं काम! पण स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी धार म्हणून येत नाही. सगळं गोधडीतून बोलल्यासारखं. कॉम्प्युटर दर वेळी तेच सांगतो, टेप लोड होत नाही. प्रबुद्ध बाजूला बसला होता. म्हणाला, काका, मघाशी एकदा आवाज स्वच्छ झाला होता, जरा मागे घ्या. मी म्हटलं, यार, तू बाळा धुरीला ऐकायला शिकवतोस? बिचारा चहा पिऊन गेला.

हल्लीच्या वस्तूंनाच दम नाही, ताई. नवे स्पीकर घेतले, चमक नाही. परवा डबलबारी होती. दोन बुवा समोरासमोर, एकाची भजनी मंडळी दुसऱ्याला उत्तर देतेय, मैदान भरलेलं. मी मिक्सरवर. उंच सुरांचा ट्रेबल पार वर नेला तेव्हा कुठे झांज ऐकू आली. कुरियरवाले बेल न वाजवता परत जातात आणि वर फोन करून सांगतात दार उघडलं नाहीत. कुकरच्या शिटीत दोष आहे, अक्षताला सांगून थकलो.

पण काळजी नको. नवा हेड मागवलाय. तू बोटांना तेल लावून ठेव. लोभ आहे तो खेळताना बाजूला ठेवू, नंतर पुन्हा घेऊ.

तुझा,
बाळा

⁂

मुलुंड (पूर्व),
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अक्षतास,
अनेक आशीर्वाद.

मी तुला कधी वेगळं पत्र लिहिलं नाही, म्हणून घाबरू नकोस. पण हे बाळाला दाखवू नकोस.

त्याच्या पत्रात गोधडी आली, झांज आली, कुरियर आला, कुकर आला. गो बाये, माझंही असंच सुरू झालं होतं. आधी कुकर, मग बेल, मग पाखरं. मी तेव्हा कुकर बदलला होता. तो रेकॉर्डर बदलतोय.

तुमच्या घरात काय चाललंय ते खरं खरं लिही. त्याचे कान म्हणजे त्याचं सगळं नाव, हे मला माहीत आहे. म्हणूनच विचारते.

सुखी राहा, आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
आत्या

⁂

जोगेश्वरी (पूर्व),
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना,
अक्षताचा सा. न. वि. वि.

तुम्ही मुलुंडला बसून ओळखलंत. आम्ही एका घरात राहून वर्षभर एकमेकांकडे बघतोय.

कुकर नवा आहे. बेल चालू आहे. टीव्ही एवढा मोठा असतो की समोरच्या विंगमधल्या लताकाकू आमच्या टीव्हीवर मालिका ऐकतात, त्यांनी स्वतःचा लावणं बंद केलंय. हे सगळं चालतं हो. पण गेल्या वर्षी डबलबारीत बाबांनी ट्रेबल इतका चढवला की बुवांनी गाता गाता कान झाकले. बाबांना वाटलं, बुवांना सूर लागला! खूश होऊन आणखी चढवला.

त्यानंतर प्रीतमने एक सोय केली. सांगायला लाज वाटते. बाबांचा मिक्सर आतून तोडून ठेवलाय. दिवे लागतात, काटे हलतात, पण आवाज तिथून जातच नाही. खरा मिक्सर स्टेजच्या मागे असतो, तिथे प्रीतम बसतो. बाबा अख्खा कार्यक्रम नॉब फिरवतात, शेवटी घाम पुसतात आणि म्हणतात, बघ, आज आवाज कसा बसवला! प्रीतम म्हणतो, झकास बाबा. परवाची झांज त्यांनी मनातच ऐकली असणार.

घरी आल्यावर प्रीतम जेवत नाही त्या दिवशी. मला म्हणतो तू सांग, मी म्हणते तू मुलगा, तू सांग. एकदा मी कानाच्या डॉक्टरचं नुसतं नाव काढलं, तर बाबा म्हणाले, तुझे तपासून घे, मी तीनदा हाक मारली. त्यांनी मारली नव्हती.

आत्या, तुम्हीच काहीतरी करा. आमच्यावर लोभ राहू द्या, आम्ही वाईट नाही, भित्रे आहोत.

तुमची,
अक्षता

⁂

जोगेश्वरी (पूर्व),
३ मार्च २०२५

ती. ताईस,
बाळाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायचं टाळत होतो. नवा हेड बसवला, पट्टा बदलला, आणखी एक रेकॉर्डर आणला. जेवणाचं टेबल गेले कित्येक दिवस माझ्याच ताब्यात आहे, मंडळी मांडीवर ताट घेऊन जेवतात. काही उपयोग नाही. कॅसेटच मेली असं माझं मत झालंय. प्रबुद्ध म्हणतो, कॅसेट माझ्याकडे द्या, मी बघतो. त्याला काय बघायचंय? जी गोष्ट मला ऐकू येत नाही ती त्याला कुठून येणार?

तेव्हा पैज तू जिंकलीस. बाळा धुरी शब्दाचा पक्का आहे, मशीनचा विषय आजपासून बंद. विशाललाही सांगतो. तुला बरं वाटेल. मला नाही वाटत, पण ठरलं ते ठरलं.

कॉम्प्युटर प्रबुद्धला देऊन टाकणार आहे. त्याच्या बायकोला आणखी थोडं हॉलमध्ये सरकावं लागेल. पूर्वी शिटी सुरू झाल्याबरोबर मी सांगायचो, ही लोड होणार, ही नाही होणार, आणि तू म्हणायचीस, बाळग्या, तुझ्या कानात कोण बसलंय रे? ते आठवलं, बस्स.

लोभ कमी करू नकोस, सध्या तेवढाच पुरवतोय.

तुझा,
बाळा

⁂

मुलुंड (पूर्व),
८ मार्च २०२५

चि. बाळास,
अ. उ. आ.

फुकटची जीत मला नको. मी खेळायच्या आधीच तू खड्ड्यात उडी मारलीस, याला डाव म्हणत नाहीत.

होळी झाली की पुढच्याच रविवारी मी जोगेश्वरीला येते. विशाल गाडीने सोडेल. एवढ्या महिन्यांनी जिना उतरणार आहे, एवढी तरी कदर कर आणि कॉम्प्युटर कुणाला देऊ नकोस. अक्षताला म्हणावं जेवणाला साधंच कर, फक्त सोलकढी हवी. स्क्रू ड्रायव्हर आणि तू, दोघेही तयार राहा.

बाकी समक्ष. आशीर्वाद आहेतच, पण कानही टोचीन.

तुझी,
ताई

⁂

जोगेश्वरी (पूर्व),
२४ मार्च २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

जे झालं ते तू डोळ्यांनी बघितलंस, तरी लिहितोय. कारण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

होळीनंतरच्या रविवारी तू आलीस आणि पाणीसुद्धा न घेता टीव्हीसमोर खुर्ची ओढलीस. मला म्हणालीस, तू ऐकू नकोस, नुसता स्क्रू फिरव, मी बोट दाखवीन तसा. मला हसू आलं. बहिरी बाई टेप लावणार! टेप सुरू झाली की पडद्याच्या कडेने लाल आणि आकाशी पट्टे धावतात, ते मी एवढी वर्षं शोभेचे समजत होतो. तू म्हणालीस, अण्णा मिलमधलं कापड उजेडात धरून दाखवायचे ना, धागा चुकला की काठ लचकतो, तसंच आहे हे. पट्टे खरंच लचकत होते. तुझं बोट हललं, मी स्क्रू फिरवला. आणखी थोडा. नाही, मागे. केसभर मागे. आणि पट्टे नव्या साडीच्या काठासारखे सरळ झाले, तशी तू मूठ मिटलीस. मला काडीचाही फरक ऐकू आला नाही. पण अक्षता कढीचा डाव हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, आता किती स्वच्छ आवाज येतोय! मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावले आणि शिडीवाला उभा राहिला.

डाव झाला. मी माझ्या सवयीने दोनदा खड्ड्यात पडून तिसऱ्यांदा कसाबसा वर पोचलो. पडद्यावर आलं, 'बाळा जिंकला'. ही ओळ मीच घातली होती हे मी विसरलोसुद्धा होतो, ती कधी कुणी बघितलीच नव्हती. मी नाचलो. प्रीतमने फोटो काढला. तू सोलकढी पीत होतीस.

मंगळवारी मोठ्या ऐटीत तुला मशीन नीट बसवून घ्यायला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेलो. त्या जान्हवी नावाच्या मुलीला तू म्हणालीस, मला नीट कळत नाही, आधी याला तपासून दाखवा. मी म्हटलं, बघ शिकून. काचेच्या खोलीत बसलो, डोक्याला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पहिले काही दाबले. मग वाट बघत बसलो. आता येईल, आता येईल. काचेपलीकडे ती काहीतरी फिरवत होती. मला वाटलं तिचं मशीन अडकलंय. मग तिने दार उघडलं आणि म्हणाली, झालं काका. मी म्हटलं, अगं, अजून सुरू कुठे झालंय?

तू आत येऊन माझा हात धरलास. तेव्हा मला फळी आठवली. तिसऱ्या मजल्यावर तू ती दोनदा जाऊ दिलीस, तिसऱ्यांदाही जाऊ दिलीस, आणि पार पलीकडे गेल्यावर उडी मारलीस. ताई, मी बहिरा असेन, आंधळा नाही.

घरी आल्यावर एकेक आठवायला लागलं. बुवांनी झाकलेले कान. प्रीतमचं झकास बाबा. गोदामात जाऊन मिक्सर उघडला. आतली वायर कापलेली, आणि टोकाला इन्सुलेशनची टेप गुंडाळलेली. नीट, घट्ट, मी त्याला शिकवली तशीच.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. एवढे कार्यक्रम मी नुसते नॉब फिरवत होतो आणि तुम्ही बघत होता. प्रीतमशी मी बोललेलो नाही. जान्हवीने वापरून बघायला दिलेलं मशीन खोक्यात आहे. बटणांचा डबा आमच्याकडेही आहे.

लोभाचं नंतर बघू.

बाळा

⁂

मुलुंड (पूर्व),
२७ मार्च २०२५

चि. बाळास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

रागावलास ते बरं झालं. गप्प बसला असतास तर मी घाबरले असते.

प्रीतमवर राग धरू नकोस. त्याने तुझा मान राखला. वायर कापताना त्याचा हात कसा चालला असेल, याचा विचार कर. पण मान राखणारी माणसं त्या बारशालाही होती, बाळा. तीन कडवी त्यांनी माझा मान राखला. माना हलवल्या, कौतुक केलं, आणि मी गात राहिले. तुला मी तसं नॉब फिरवत बसू देणार नव्हते. मला कुणी हात धरून थांबवलं नाही, मी तुझा धरला. एवढंच केलं.

हरले कशी ते विचारू नकोस. फळी वेगात होती आणि बाईचं वय झालंय. तुला काही वेगळं दिसलं असेल तर चष्मा तपासून घे, तेही एकदा होऊन जाऊ दे.

मी शब्द पाळलाय. मशीन दिवसभर कानात असतं. ताट अजून घण मारतं, विशालची बायको आता हळू ठेवते. काल खाली बाकावर जाऊन बसले. श्रेयसची मुलगी चालायला लागलीय, तिच्या पायात पैंजण आहेत. ती रोज आमच्या दारावरून धावते, पण त्यांना आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तिची आई म्हणाली, आजी, पाळण्याचं वय गेलं हिचं, एखादं बडबडगीत शिकवा. शिकवीन म्हटलं.

पाडव्याला गुढी उभारशील तेव्हा मशीन घाल. मी आयुष्यात एकदाच हरले, त्याची एवढी तरी किंमत ठेव.

तुझ्या लोभाची वाट बघणारी,
ताई

⁂

जोगेश्वरी (पूर्व),
२ एप्रिल २०२५

ती. रुक्मिणीताईस,
बाळाचा शि. सा. न. वि. वि.

पाडवा गेला, गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, मशीन खोक्यातच. खोटं कशाला लिहू? तुझं पत्र पोचलंच काल. पोस्टाने तुझा डाव हुकवला.

वाचून झाल्यावर खोका काढला आणि दोन्ही कानांत घातलं. पहिल्यांदा पंखा ऐकू आला. मग स्वयंपाकघरातून प्रीतमची कुजबुज आली. बाबांनी मशीन घातलं वाटतं, बोलू नकोस काही. मी तिथूनच म्हटलं, बोल की, सगळं ऐकू येतंय. आत भांडं पडलं. ताई, तो घण म्हणतेस ना, तो खरा आहे.

संध्याकाळी मिक्सर टेबलावर घेतला. मी बॅटरी धरली, प्रीतमने वायर जोडली. त्याच्या हातून दोनदा सोल्डर सांडलं. मी रागावलो नाही. सॉरी म्हणाला. मी म्हटलं, टेप मात्र छान गुंडाळली होतीस. मग अक्षताने चहा आणला. पुढच्या डबलबारीला मिक्सर एकच असेल. ट्रेबल प्रीतमच्या हातात, बाकीचं माझ्या. आणि त्या बुवांच्या घरी जाऊन आधी त्यांचे कान कसे आहेत ते विचारणार आहे.

प्रबुद्धला बोलावलं आणि त्याच्यासमोर आपली कॅसेट लावली. शिटीला धार आहे गं अजून. स्क्रू जरा फिरवून बोथट केली, पुन्हा धार आणली, पुन्हा बोथट केली. पाचव्यांदा प्रबुद्ध म्हणाला, काका, पुरे, टेप झिजेल. कॉम्प्युटर आता आमच्याकडेच राहील, त्याच्या बायकोची जागा वाचली. तू मे महिन्यात ये. एक डाव खरा खेळू. फळी जाऊ दिलीस तर बघ, आणि 'बाळा जिंकला' ही ओळ मी प्रोग्राममधून काढून टाकलीय, म्हणजे तुला मुद्दाम हरायची मोकळीक नको.

एक गोष्ट मात्र तुझी चुकली. कागद ओरडत नाही, असं लिहिलं होतंस. काल मशीन घातल्यावर तुझ्या पत्राची घडी घालत होतो, तर हातात काहीतरी करकरलं. वाटलं मशीनमध्येच बिघाड आहे. पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली. पत्रच होतं. तुझी इतकी पत्रं आली, मी ती घड्या घालून ठेवली, आणि ती सगळी माझ्या हातात बोलत होती म्हणायची.

लोभ आहे, उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी. या पत्राची घडी घालशील तेव्हा हळू घाल, आणि ऐक.

तुझा,
बाळा